काड्या आणि व्हॉल्व्ह ट्यूबच्या प्रतिकृती

काड्या आणि व्हॉल्व्ह ट्यूबच्या प्रतिकृती म्हणजे काडेपेटीतील लाकडी काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्हसाठी वापरली जाणारी बारीक रबरी नळी यांच्या साहाय्याने तयार केलेल्या भौमितिक रचना होत. या पद्धतीस ‘आगकाड्यांचे मेकॅनो’ असेही म्हटले जाते. ती अभियंते व विज्ञानप्रसारक अरविंद गुप्ता यांनी मध्य प्रदेशातील होशंगाबाद जिल्ह्यात (आताचा नर्मदापुरम जिल्हा) विकसित केली आणि पुढे भारतातील अनेक शाळांत व विज्ञान केंद्रांत ती रुजली. खर्च अत्यल्प, हत्यारे जवळजवळ नाहीत, आणि तरीही त्रिमितीय भूमितीतील काही मूलभूत नियम हाताला जाणवतात, हे तिचे वैशिष्ट्य आहे.

पार्श्वभूमी

काड्या जोडून आकृत्या करण्याची कल्पना जुनी आहे. बालोद्यान शिक्षणाचे प्रवर्तक फ्रीडरिश फ्रोबेल यांच्या शैक्षणिक साधनांत काड्या आणि भिजवलेले वाटाणे यांचा समावेश होता. अमेरिकन वास्तुरचनाकार बकमिन्स्टर फुलर यांनी आपल्या त्रिकोणाधारित रचनांचे मूळ बालवर्गातील अशाच काडी-वाटाण्याच्या खेळात असल्याचे सांगितले आहे. धातूच्या पट्ट्या व स्क्रूंचा मेकॅनो हा संच इंग्लंडमधील फ्रँक हॉर्न्बी यांनी 1901 मध्ये पेटंट केला. मात्र तो भारतात कायमच सुखवस्तू घरांपुरता राहिला.

होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रम 1972 मध्ये 16 माध्यमिक शाळांत सुरू झाला. किशोर भारती आणि फ्रेंड्स रूरल सेंटर, रसूलिया या दोन संस्थांनी तो हाती घेतला. किशोर भारतीचे संस्थापक अनिल सद्गोपाल हे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील वैज्ञानिक होते आणि त्या संस्थेतील इतर वैज्ञानिकांचेही या कार्यक्रमास साहाय्य लाभले. मुलांनी विज्ञान वाचायचे नाही, तर स्वतः प्रयोग करून शिकायचे, हे त्याचे सूत्र होते. ग्रामीण शाळांत प्रयोगशाळा नसल्याने साहित्य आसपास मिळेल तेच वापरावे लागे. विच्छेदनाच्या सुईऐवजी बाभळीचा काटा हे त्याचे सर्वपरिचित उदाहरण आहे.

आय.आय.टी. कानपूर येथून विद्युत अभियांत्रिकीची पदवी घेतलेले गुप्ता त्या वेळी पुण्यात टेल्को या मालमोटारी बनविणाऱ्या कंपनीत नोकरीस होते. 1978 मध्ये त्यांनी वर्षभराची रजा घेऊन होशंगाबादेत काम केले. काडी-ट्यूबच्या जोडण्या याच काळातील आहेत. त्यांवरील त्यांचे पुस्तक एकलव्य या संस्थेने 1980 च्या दशकात प्रकाशित केले व त्याचे अनेक भारतीय भाषांत अनुवाद झाले.

साहित्य

सायकलच्या जुन्या पद्धतीच्या व्हॉल्व्हमध्ये धातूच्या बारीक दांड्यावर रबरी नळीचा तुकडा चढविलेला असतो. पंपाने भरलेली हवा आत जाते, पण बाहेर येऊ लागताच नळी भोकावर दाबली जाऊन ते बंद होते. ही नळी सायकल दुरुस्तीच्या दुकानात फुटावर विकत मिळते. तिचा आतील व्यास काडीच्या जाडीपेक्षा किंचित कमी असल्याने काडी घट्ट बसते, आणि हीच गोष्ट या पद्धतीच्या मुळाशी आहे. गोंद, खिळा किंवा दोरा लागत नाही. चुकले तर काढून पुन्हा घालता येते.

काड्या लाकडीच हव्यात. मेण लावलेल्या कागदी काड्या वाकतात. काडीचे गूल पात्याने खरवडून टाकावे लागते व हे काम लहान मुलांकडून करवून घेऊ नये. दातकोरण्याही चालतात. शिवकाशी परिसरातील उत्पादकांनी काडेपेटीची किंमत डिसेंबर 2021 मध्ये एक रुपयावरून दोन रुपये केली. या दरवाढीनंतरही या छंदाइतका स्वस्त भौमितिक संच दुसरा सापडणे कठीण आहे.

सांधे

सुमारे दोन सेंटिमीटर लांबीच्या नळीच्या दोन्ही तोंडांत एकेक काडी घातली की दोन काड्यांचा सांधा होतो. त्याच नळीला मध्यभागी काट्याने भोक पाडून त्यात टोक काढलेली तिसरी काडी बसविली की तीन काड्यांचा सांधा मिळतो. चार काड्यांसाठी एका तुकड्याच्या भोकातून दुसरा तुकडा ओढून घेतात. चार तोंडे मोकळी राहतात. त्यातून तिसरा तुकडा ओवला की सहा तोंडे होतात, आणि त्यांपैकी एक रिकामे ठेवल्यास पाच काड्यांचा सांधा तयार होतो. नळी ओढून घेण्याची ही क्रिया पहिल्या काही प्रयत्नांत बहुधा फसते, कारण भोक मोठे झाले तर रबर फाटते.

सांध्याला स्वतःचा असा कोन नसतो. रबर कोणत्याही दिशेला वाकते, त्यामुळे कोन किती असावा हे सांधा ठरवीत नाही, तर संपूर्ण आकृती ठरविते. साच्यात ओतलेल्या प्लास्टिक संचांत कोन आधीच ठरलेले असतात आणि मुलाला शोधण्यासारखे फारसे उरत नाही. रबराचा लवचिकपणा हा येथे दोष नसून गुण आहे, तो याच कारणाने.

भूमिती आणि दृढता

तीन काड्यांचा त्रिकोण दाबला तरी आकार बदलत नाही. चार काड्यांचा चौरस मात्र सहज कलतो व समभुज चौकोन बनतो. परिमिती तीच राहून क्षेत्रफळ घटत जाते. चौरस पक्का करण्यासाठी कर्णाची काडी घालू गेल्यास ती तोकडी पडते, कारण कर्ण बाजूच्या सुमारे 1.41 पट असतो. दोनचे वर्गमूळ शाळकरी मुलाला अशा प्रकारे प्रथम अडचण म्हणून भेटते. कौलारू घराच्या छपराची कैची आणि विजेचे मनोरे त्रिकोणांनी का भरलेले असतात, याचे उत्तरही येथेच आहे.

त्रिमितीत हाच फरक अधिक ठळक होतो. तीन काड्यांचे 4 सांधे आणि 6 काड्या यांपासून चतुष्फलक होते. चार काड्यांचे 6 सांधे व 12 काड्यांचे अष्टफलक, तर पाच काड्यांचे 12 सांधे व 30 काड्यांचे विंशतिफलक बनते. या तिन्ही आकृती दृढ असतात. तीन काड्यांच्या 8 सांध्यांचा घन मात्र डुलतो, आणि 20 सांधे व 30 काड्यांचे द्वादशफलक तर उभेच राहत नाही. टेबलावर ठेवताच ते खाली बसते.

याचे कारण जेम्स क्लार्क मॅक्सवेल यांनी 1864 मध्ये मांडलेल्या नियमात सापडते. अवकाशातील चौकट दृढ होण्यासाठी सांध्यांच्या संख्येच्या तिपटीतून 6 वजा केल्यावर येणाऱ्या संख्येइतके दांडे सर्वसाधारणपणे आवश्यक असतात. विंशतिफलकात ही संख्या 30 येते व काड्याही 30 असतात. घनाला 18 दांडे लागतात, असतात 12. उणीव 6 ची, म्हणजे प्रत्येक पृष्ठावर एका कर्णाची. द्वादशफलकात 24 दांडे कमी पडतात.

सहा काड्यांच्या सांध्याचा प्रयोग वेगळ्या कारणाने उद्बोधक आहे. एका बिंदूभोवती सहा समभुज त्रिकोण जोडले की कोनांची बेरीज 360 अंश होऊन जाळी सपाट पडते. पाच त्रिकोणांनी तिला घुमटाचा आकार येतो, चारांनी ती अधिक टोकदार होते, तिनांनी चतुष्फलकाचे शिखर मिळते. समभुज त्रिकोणांची सुसम घनाकृती तीनच का, हे सिद्धतेच्या आधी डोळ्यांना दिसते.

प्रसार

गुप्ता 2003 ते 2014 या काळात पुण्यातील आयुकाच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत कार्यरत होते. पु. ल. देशपांडे यांच्या प्रतिष्ठानाच्या देणगीतून उभ्या राहिलेल्या या केंद्राच्या इमारतीस ‘पुलस्त्य’ असे नाव आहे. सप्तर्षींतील ताऱ्याचे हे नाव पु. लं.चेही स्मरण करून देते. तेथे काडी-ट्यूबसह टाकाऊ वस्तूंच्या अनेक खेळण्यांच्या लघुचित्रफिती तयार झाल्या आणि त्यांचे मराठीसह अनेक भाषांत ध्वनिमुद्रण झाले. गुप्ता यांना 2018 मध्ये पद्मश्री प्रदान करण्यात आली.

महाराष्ट्रातील शाळांत कार्यानुभव विषयातील ‘टाकाऊतून टिकाऊ’ या उपक्रमाशी या प्रतिकृतींची अनेकदा गल्लत होते. बाटली रंगवून फुलदाणी करणे हे सजावटीचे काम आहे. काड्यांचा घन शोभेसाठी नसतो. तो हलतो का, आणि का हलतो, हे पाहण्यासाठी असतो, आणि पाहून झाल्यावर मोडण्यासाठीही.

मर्यादा

रबर हवेने व उन्हाने कडक होऊन तडकते, त्यामुळे प्रतिकृती काही महिन्यांपलीकडे क्वचितच टिकतात. काड्यांची लांबी तंतोतंत समान नसल्याने मोठ्या आकृती किंचित वाकड्या होतात. अधिक गंभीर आक्षेप धोरणात्मक आहे. स्वस्त साहित्याचे कौतुक ग्रामीण शाळांना प्रयोगशाळा नाकारण्याचे निमित्त ठरू शकते, असे म्हटले जाते. होशंगाबाद कार्यक्रमाचा भर मात्र केवळ स्वस्ताईवर नव्हता. शिक्षकांचे नियमित प्रशिक्षण, पुस्तक उघडे ठेवून दिली जाणारी परीक्षा आणि प्रात्यक्षिक परीक्षा हे त्याचे तितकेच महत्त्वाचे घटक होते. मध्य प्रदेश शासनाने 2002 मध्ये हा कार्यक्रम बंद केला. काड्या आणि ट्यूब शाळांबाहेर, छंदवर्गांत व विज्ञान जत्रांत टिकून राहिल्या. परीक्षापद्धतीतील बदल मात्र त्यांच्याबरोबर गेला नाही.