चेतकचा ‘ऑन’ आणि पोर्शची किंमत
पोर्श ९११ आणि बजाज चेतक यांची तुलना विचित्र वाटेल. परंतु मुळात दोहोंचे इंजिन मागे आणि पंख्याच्या हवेने थंड होणारे होते.

चेतक आली १९७२ साली. त्या काळी उत्पादनाची मर्यादा सरकारी परवाना ठरवी. त्यामुळे अमरावतीच्या राजापेठेतील ग्राहकालाही आकुर्डीच्या या स्कूटरसाठी वर्षानुवर्षे नंबराची वाट पाहावी लागे, आणि वापरलेली चेतक नव्या चेतकच्या अधिकृत किमतीहून महाग विकली जाई! उत्पादन व स्पर्धा वाढताच हा ‘ऑन’ ओसरला.

पोर्शचे उलटे. हवेने थंड होणारी शेवटची ९११, म्हणजे ‘९९३’, १९९८ मध्ये बंद झाली. तिच्यानंतरची ‘९९६’ पाण्याने थंड होणारी आणि मूळ आवृत्तीतही अधिक ताकदीची; तरीही संग्राहक जास्त पैसे मोजतात ते जुन्या ९९३साठीच.