पाणी गोडे झाले, मीठ कुठे गेले?

खाऱ्या पाण्याचे गोडे पाणी करणारे यंत्र आता आपल्या चांगल्या ओळखीचे झाले आहे. शहरात ते स्वयंपाकघराच्या भिंतीवर टांगलेले असते. गावात ग्रामपंचायतीच्या एखाद्या खोलीत घरघरत असते. ‘आर. ओ.’ ही त्याची दोन अक्षरे लहान मुलांच्याही तोंडी आहेत. त्यातून निघणाऱ्या पाण्याची चव आपण घेतो, किंमत विचारतो. परंतु त्या पाण्यातले मीठ गेले कुठे, असा प्रश्न सहसा कोणी करीत नाही. आमच्या मते या यंत्राच्या इतिहासाचे आणि त्याच्या निगेचेही मर्म याच प्रश्नात आहे. मीठ नाहीसे करता येत नाही. त्याला दुसरीकडे पाठवता येते, इतकेच. ही वाट ज्यांनी मोकळी राखली त्यांची यंत्रे चालली. ज्यांनी ती बुजवली त्यांची बंद पडली.

या यंत्रामागचे तत्त्व आपल्या घरात नित्य पाहायला मिळते. कैरीच्या फोडींना मीठ चोळून ठेवले म्हणजे त्यांना पाणी सुटते. उलट, बेदाणे साध्या पाण्यात टाकले म्हणजे ते पाणी पिऊन टरारून फुगतात. दोन्हीकडे नियम एकच. मधल्या पापुद्र्यातून पाणी सहज जाते, पण मीठ किंवा साखर सहज जात नाही. आणि पाण्याचा ओढा सदैव पातळ द्रावणाकडून दाट द्रावणाकडे असतो. शास्त्रज्ञ यास परासरण म्हणतात.

या गोष्टीची शास्त्रीय नोंद झाली ती १७४८ साली, पॅरिसमध्ये. आबे नोले हे धर्मोपदेशक आणि पदार्थविज्ञानाचे अभ्यासक. त्यांनी मद्यार्काने भरलेल्या कुपीच्या तोंडाला डुकराच्या मूत्राशयाची कातडी ताणून बांधली आणि कुपी पाण्यात बुडवून ठेवली. काही तासांनी पाहतात तो कातडी फुगून वर आलेली, आणि टाचणी टोचताच आतला द्रव कारंज्यासारखा उडाला. पाणी आत शिरत होते, पण मद्यार्काला तितक्या सहज बाहेर येता येत नव्हते. पुढे १८७७ साली विल्हेल्म फेफर या जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञाने सच्छिद्र मातीच्या भांड्याच्या भिंतीत एक रासायनिक पापुद्रा बसवून या ओढ्याचे बळ मोजले. एक टक्का साखरेच्या द्रावणानेसुद्धा पाऱ्याचा अर्ध्या मीटरहून उंच स्तंभ तोलून धरला. या आकड्यांवरून डच रसायनशास्त्रज्ञ व्हान्ट हॉफ यांनी परासरणी दाबाचा नियम बांधला. १९०१ साली रसायनशास्त्राचे पहिलेवहिले नोबेल पारितोषिक मिळाले ते त्यांनाच.

आता हिशेब स्पष्ट झाला. समुद्राच्या पाण्याचा परासरणी दाब वातावरणाच्या दाबाच्या सुमारे पंचवीस पट भरतो. तेव्हा त्याहून अधिक जोराने खारे पाणी पापुद्र्यावर दाबले, तर निसर्गाचा ओघ उलटा फिरेल आणि खाऱ्याकडून गोडे पाणी बाहेर येईल. हेच उलट परासरण. कल्पना इतकी सोपी. तरी ती कामास लावायला अर्धशतकाहून अधिक काळ लागला, कारण एवढा दाब सोसणारा, मीठ अडवणारा आणि तरीही उपयोगी पडेल इतके पाणी सोडणारा पडदा कोणाजवळच नव्हता.

१९५२ साली अमेरिकन सरकारने खाऱ्या पाण्याच्या संशोधनासाठी स्वतंत्र कायदा केला. फ्लॉरिडा विद्यापीठात रीड आणि ब्रेटन यांना सेल्युलोज ॲसिटेटचा पडदा मीठ उत्तम अडवतो असे आढळले. १९५९ मध्ये त्यांनी ते प्रसिद्ध केले. परंतु त्या पडद्यातून पाणी झिरपे ते इतके थोडे की त्यावर कोणाची तहान भागणे शक्य नव्हते. तिकडे लॉस एंजल्सच्या विद्यापीठात सिडनी लोब आणि भारतात जन्मलेले श्रीनिवास सौरिराजन हे दोघे याच विषयाच्या मागे होते. पडद्याची एक बाजू खाऱ्या पाण्याकडे केली तर काम होते, पालथी केली तर होत नाही, असा चमत्कारिक अनुभव त्यांना आला. यातूनच उलगडा झाला. पडदा सबंध एकसारखा असण्याची गरज नाही; मीठ अडवण्याचे काम वरची अत्यंत पातळ साय करते, खालचा जाड सच्छिद्र भाग केवळ तिला आधार देतो. अशी रचना मुद्दाम करताच, मीठ अडूनही पाण्याचा ओघ पूर्वीच्या कित्येक पट वाढला. १९६० च्या सुमारास हे यश मिळाले.

त्याची लोकोपयोगी परीक्षा झाली ती कॅलिफोर्नियातील कोअलिंगा नावाच्या लहानशा तेलगावात. रेल्वेच्या इंजिनांना कोळसा भरण्याच्या ठाण्यावरून हे नाव पडलेले. २०१६ च्या एप्रिलात मिरजेहून लातूरला आगगाडीने पाणी गेले, हे आपल्यापैकी पुष्कळांना आठवत असेल. लातूरला आटलेल्या धरणामुळे जी पाळी आली, ती कोअलिंगावर जमिनीतल्या खारटपणामुळे आली होती. वापरायला पाणी होते, पण पिण्याचे पाणी कित्येक वर्षे रेल्वेनेच येई. १९६५ च्या जूनमध्ये तेथे उलट परासरणाचे सार्वजनिक यंत्र सुरू झाले. दिवसाला सुमारे पाच हजार गॅलन, म्हणजे अदमासे एकोणीस हजार लिटर पाणी ते देई. आजच्या मानाने हे थोडके खरे. परंतु प्रयोगशाळेतला पडदा गावाच्या नळापर्यंत पोचला होता.

येथपासून शोधाचा इतिहास निगेचा इतिहास होतो. शंभर लिटर खारे पाणी यंत्रात गेले आणि त्यातून पंचाहत्तर लिटर गोडे निघाले असे धरू. शंभर लिटरांतले बहुतेक सगळे मीठ आता उरलेल्या पंचवीस लिटरांत आले; म्हणजे ते पाणी जवळजवळ चौपट खारे झाले. पडद्याच्या अगदी अंगाशी तर खारटपणा याहूनही वाढतो. तुमच्याआमच्या बंबाच्या आत जसा चुन्याचा थर धरतो, तसा तो पडद्यावर धरू लागतो. तो धरू नये म्हणून पडद्यावरून पाणी सतत वाहते ठेवावे लागते आणि मीठ धुऊन बाहेर न्यावे लागते. यंत्राच्या मागून जे पाणी वाया जाताना दिसते, ते पडद्याचे आयुष्य राखणारे पाणी आहे.

हे ध्यानात नसले म्हणजे काय होते? इतके पाणी फुकट जाते हे पाहून एखादा चालक सद्बुद्धीनेच बाहेर जाणाऱ्या पाण्याचा व्हॉल्व्ह आवळतो. पहिले काही दिवस गोडे पाणी अधिक मिळते आणि त्याची वाहवा होते. मग दाब चढू लागतो, पाणी घटते, चव बिघडते, आणि पडदा दगडासारखा जड होऊन बसतो. पाण्याची बचत करायची ती योग्य रचनेच्या आणि थर न धरू देणाऱ्या औषधाच्या साहाय्याने. व्हॉल्व्ह मुरगाळून नव्हे.

पडद्याची जात बदलली तशी निगाही बदलली. सेल्युलोज ॲसिटेटचा पडदा थोडे क्लोरीन सोसतो, पण जंतू त्यास खातात. १९७० नंतरच्या दशकात जॉन कॅडॉट यांनी पॉलिअमाइडची अतिशय पातळ साय चढवलेला पडदा तयार केला. आज सर्वत्र त्याच जातीचे पडदे आहेत. तो कमी दाबात अधिक पाणी देतो. मात्र क्लोरीन त्याचा वैरी. म्हणून टीसीएल पावडर घातलेले पाणी पडद्याकडे जाण्यापूर्वी कोळशाच्या गाळणीतून न्यावे लागते. ती गाळणी वेळेवर बदलली नाही, तर पडदा जळतो आणि मीठ बिनदिक्कत पार होते. एका गाळणीची काटकसर अशी सबंध पडद्याला महाग पडते.

यंत्राच्या चालकाचे पहिले हत्यार पाना नव्हे, वही आहे. पडद्याच्या अलीकडचा आणि पलीकडचा दाब, गोडे पाणी किती, सोडलेले पाणी किती, दोहोंतील क्षारांचे माप आणि पाण्याचे तापमान, इतके आकडे रोज लिहावेत. तापमान यासाठी की पाणी एक अंशाने थंड झाले तर उत्पादन सुमारे तीन टक्क्यांनी उतरते. थंडीतली ही घट म्हणजे बिघाड नव्हे. ती वजा घालूनही दहापंधरा टक्क्यांचा फरक पडला, तर धुण्याची वेळ आली असे समजावे. चुन्याच्या थराला आम्ल द्रावण लागते, शेवाळी बुळबुळीला अल्कली. यंत्र दिवसेंदिवस बंद ठेवल्यास आत जंतू वाढतात. म्हणून ते रोज थोडे तरी चालवावे, किंवा फार दिवस बंद राहणार असेल तर संरक्षक द्रावण भरून ठेवावे. आणि क्षार मोजणारा मीटर जंतू मोजत नाही, हे कधीही विसरू नये.

आपल्याकडे हा प्रश्न दूरचा नाही. १९५४ मध्ये भावनगरला स्थापन झालेल्या मीठ-संशोधन संस्थेने पुढे असे पडदे देशातच घडवण्याचे काम केले. वऱ्हाडात पूर्णेच्या खोऱ्यातील खारपाणपट्टा अकोला, अमरावती आणि बुलढाणा या जिल्ह्यांत पसरला आहे. तेथील विहिरींचे पाणी तोंडात धरवत नाही. अशा ठिकाणी हे यंत्र चैन नव्हे, गरज आहे. तथापि त्याच यंत्रातून निघालेले दुप्पट-चौपट खारे पाणी जवळच्या नाल्यात किंवा शोषखड्ड्यात सोडले, तर ते मुरून पुन्हा त्याच विहिरीकडे जाऊ पाहते. मग आपण मिठाला दारातून घालवून खिडकीतून आत घेतो.

उलटपक्षी, जेथे नळाचे पाणी मुळातच गोडे आहे, तेथे हा खटाटोप कशासाठी? पिण्याच्या पाण्यात लिटरमागे ५०० मिलिग्रॅमपर्यंत विरघळलेले क्षार असावेत, आणि दुसरा स्रोतच नसेल तर २,००० पर्यंत चालावेत, असे भारतीय मानक सांगते. ५०० च्या आतील पाण्यासाठी ही यंत्रे वापरू देऊ नयेत, असा निर्देश राष्ट्रीय हरित लवादाने २०१९ मध्ये केंद्र शासनास दिला होता. पुष्कळ घरगुती यंत्रे एक लिटर पाणी देताना दोनतीन लिटर मोरीत सोडतात. अशा गोड्या पाण्यात जंतूंचीच भीती असेल, तर उकळणे किंवा क्लोरीन पुरे पडते. घरी यंत्र असेलच, तर सोडलेले पाणी बादलीत धरून फरशी पुसायला घ्यावे.

गावात असे यंत्र बसते तेव्हा फीत कापली जाते, छायाचित्रे निघतात. त्या दिवशी समारंभ अवश्य व्हावा. परंतु त्यापूर्वी ग्रामसभेने तीन गोष्टी विचारून त्यांची उत्तरे लिहून घ्यावीत: रोजची वही कोण लिहिणार, पडदा बदलण्याचे पैसे कोठून येणार, आणि निघालेले मीठ कोठे जाणार. पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे नसतील, तर खोलीला लवकरच कुलूप लागेल. तिसऱ्याचे नसेल, तर यंत्र चालू राहील आणि गावाची विहीर बिघडत जाईल.