छोट्या रुग्णालयाचा मॅनेजर नेमकं काय करतो? पात्रता काय लागते?

डॉक्टर सकाळच्या राउंडला 'आज घरी जा' असं सांगतात, पण पेशंट घरी पोचतो तो संध्याकाळी. मधल्या वेळात नातेवाईक ज्यांच्या टेबलासमोर उभे असतात, ते असतात रुग्णालयाचे मॅनेजर. बिल वसूल करणं हे त्यांच्या कामांपैकी एक. वीस-पंचवीस खाटांच्या रुग्णालयाचा परवाना टिकतो की जातो, हेही बरेचदा त्यांच्याच फायलींवर ठरतं.

रोजचं काम

ओपीडीच्या नोंदी, सिस्टर आणि वॉर्डबॉयच्या पाळ्या, औषधं आणि ऑक्सिजनचा साठा, बिलिंग, मेडिक्लेम ही रोजची कामं. सर्वाधिक खटके उडतात ते कॅशलेस डिस्चार्जवरून. विमा नियामक आयआरडीएआयच्या २०२४ च्या परिपत्रकानुसार डिस्चार्जच्या वेळची अंतिम मंजुरी विमा कंपनीने तीन तासांत द्यायची असते. पण हे तीन तास मोजले जातात ते रुग्णालयाकडून विनंती गेल्यानंतर. डिस्चार्ज समरी किंवा एखादा रिपोर्ट जोडायचा राहिला, की कंपनीकडून शंका येते आणि पेशंट खाटेवर ताटकळतो.

कायदा काय मागतो?

- नोंदणी: महाराष्ट्रात खासगी रुग्णालयांची नोंदणी १९४९ च्या नर्सिंग होम कायद्यानुसार होते. दर तीन वर्षांनी नूतनीकरण करावं लागतं. २०२१ च्या सुधारित नियमांनुसार रुग्ण हक्कांची सनद आणि दरपत्रक दर्शनी भागात लावणं बंधनकारक आहे.
- जैववैद्यकीय कचरा: २०१६ च्या नियमांनुसार पिवळा, लाल, पांढरा आणि निळा अशी विभागणी करावी लागते. प्रक्रिया न केलेला कचरा साधारणपणे ४८ तासांपेक्षा जास्त ठेवता येत नाही.
- आग: अग्निशमन यंत्रणा चालू स्थितीत असल्याचं प्रमाणपत्र दरवर्षी जानेवारी आणि जुलैमध्ये द्यावं लागतं. जानेवारी २०२१ मध्ये भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयातल्या आगीत १० नवजात बालकांचा जीव गेला, तेव्हा या तपासणीचं महत्त्व साऱ्या राज्याला कळलं.
- केस पेपर: दाखल रुग्णांच्या नोंदी डॉक्टरांनी किमान तीन वर्षं जपायच्या आणि मागितल्यावर ७२ तासांत द्यायच्या असतात.

रिकाम्या रकान्याची किंमत

सोनोग्राफी मशीन असेल तर जबाबदारी आणखी वाढते. गर्भवतीच्या प्रत्येक सोनोग्राफीसाठी 'एफ' फॉर्म भरावा लागतो आणि महिन्याचा अहवाल पुढच्या महिन्याच्या ५ तारखेपर्यंत पाठवावा लागतो. फॉर्म अपुरा असेल, तर कायदा त्याला साधी कारकुनी चूक मानत नाही. मशीन सील होऊ शकतं, डॉक्टरांवर खटला भरला जाऊ शकतो. या तरतुदींना दिलेलं आव्हान सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये फेटाळलं. कारण उघड आहे. गर्भलिंग निदान बंद दाराआड होतं, दोन्ही बाजू गप्प राहतात. मग साक्षीला उरतो तो कागदच. रकाने काउंटरवर भरले जात असले, तरी सही डॉक्टरांची असते. म्हणून सही होण्याआधी प्रत्येक फॉर्म तपासणारा मॅनेजर डॉक्टरांना मोलाचा वाटतो.

पात्रता

छोट्या रुग्णालयात अमुकच पदवी हवी असं बंधन नसतं. कोणत्याही शाखेची पदवी आणि काउंटरवरचा अनुभव यावर सुरुवात होते. मोठी रुग्णालयं हॉस्पिटल अ‍ॅडमिनिस्ट्रेशनमधली पदव्युत्तर पदवी मागतात. मुंबईत टाटा सामाजिक विज्ञान संस्था आणि पुण्यात सिम्बायोसिस इथे असे अभ्यासक्रम आहेत. बीएएमएस, बीएचएमएस झालेले अनेक जणही या क्षेत्रात येतात. हिशेब आणि कॉम्प्युटर यायलाच हवा. रडवेल्या किंवा चिडलेल्या नातेवाइकांशी शांतपणे बोलता यायला हवं. आणि पेशंटचा रिपोर्ट व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर जाणार नाही, याची काळजी घेता यायला हवी.

रुग्णांसाठी

दाखल होताना दरपत्रक कुठे लावलंय ते विचारावं, बिलाचा तपशील मागावा आणि मेडिक्लेमचे कागद पहिल्याच दिवशी जमा करावेत. डिस्चार्जच्या दिवशीची धावपळ त्याने बरीच कमी होते.