जलगालन : करुणेचे व्रत, आरोग्याचा वारसा

गोंदिया जिल्हा हा पाण्याचा जिल्हा होय. वैनगंगा, बाघ, चुलबंद, गाढवी या नद्या, नवेगावबांध, बोदलकसा, चोरखमारा यांसारखे विस्तीर्ण जलाशय आणि गावोगावचे मामा तलाव व बोड्या यांमुळे भंडारा-गोंदियाचा परिसर तलावांचा प्रदेश म्हणून ओळखला जातो. येथील धान या पाण्यावर पिकतो आणि येथील संसार या पाण्यावर चालतो. परंतु जेथे पाणी विपुल, तेथे पाण्यावाटे पसरणाऱ्या रोगांचे भयही मोठे असते. अशा या भूमीत येऊन स्थायिक झालेल्या जैन कुटुंबांनी आपल्या मायभूमीतून जे संस्कार सोबत आणले, त्यांत एका साध्या वस्तूचे स्थान फार मोठे आहे. ती वस्तू म्हणजे पाण्याच्या भांड्याच्या तोंडावर बांधलेले सुती गाळणे.

गोंदियाचा उत्कर्ष रेल्वेमुळे झाला. 1880 च्या दशकात नागपूरहून छत्तीसगडकडे लोहमार्ग गेला. पुढे 1887 मध्ये स्थापन झालेल्या बंगाल-नागपूर रेल्वेने तो हाती घेऊन पूर्वेकडे वाढविला. विसाव्या शतकाच्या आरंभी येथून सातपुड्यातून जबलपूरकडे जाणारा अरुंद लोहमार्ग सुरू झाला आणि गोंदिया हे मोठे जंक्शन बनले. तांदूळ, तेंदूपत्ता, विडी आणि वनोपज यांच्या व्यापारासाठी राजस्थान, गुजरात, कच्छ आणि बुंदेलखंड या प्रदेशांतून व्यापारी कुटुंबे येऊ लागली. त्यांत जैन कुटुंबेही होती. कोणी दिगंबर, कोणी श्वेतांबर. कोणाची बोली मारवाडी, कोणाची गुजराती, कोणाची बुंदेली. परंतु पाणी गाळून पिणे आणि सूर्यास्तापूर्वी जेवणे हे दोन आचार सर्वांच्या घरी समान होते.

जलगालनाची परंपरा अतिप्राचीन आहे. तेराव्या शतकात पंडित आशाधरांनी रचलेल्या ‘सागारधर्मामृत’ या श्रावकाचारविषयक ग्रंथात जीवदया आणि जलगालन यांना श्रावकाच्या मूलगुणांत स्थान दिलेले आहे. हा आचार केवळ जैनांचा होता असेही नव्हे. बौद्ध भिक्षूंच्या आवश्यक वस्तूंमध्ये पाणी गाळण्याच्या वस्त्राची गणना होती आणि मनुस्मृतीतही वस्त्राने गाळलेले पाणी पिण्याचा उपदेश आढळतो. तथापि हा आचार गृहस्थाच्या रोजच्या जीवनात इतक्या बारकाईने आणि इतक्या सातत्याने टिकवून धरण्याचे श्रेय जैन श्राविकांकडे जाते.

गाळणे कसे असावे याचे नियम ठरलेले होते. वस्त्र सुती, जाड व दुहेरी असावे. त्यातून सूर्याचे किरण सरळ आरपार येऊ नयेत. दिगंबर परंपरेत गाळलेल्या पाण्याची मर्यादा एक मुहूर्त, म्हणजे 48 मिनिटे मानलेली आहे. त्यानंतर ते पुन्हा गाळावे लागते. गाळल्यावर वस्त्रावर राहिलेल्या जीवांना ‘जिवाणी’ म्हणतात. गाळण्याच्या उलट बाजूवर स्वच्छ पाणी ओतून ती ज्या विहिरीचे पाणी, त्याच विहिरीत परत पोहोचविली जाई. वरून फेकल्यास जीवांना इजा होईल, म्हणून तळाला कडी असलेली बादली वापरून ती पाण्याच्या पृष्ठभागापर्यंत अलगद सोडण्याची रीत होती. उकळलेल्या पाण्यालाही मर्यादा होती. श्वेतांबर परंपरेत तीन उकळ्या आलेले पाणी उन्हाळ्यात पाच प्रहर, हिवाळ्यात चार प्रहर आणि पावसाळ्यात केवळ तीन प्रहर चालते. ज्या ऋतूत पाणी सर्वांत लवकर दूषित होते, त्याच ऋतूत ही मर्यादा सर्वांत कमी ठेवलेली आहे, ही गोष्ट लक्षणीय होय.

या नियमांचे मोल समजण्यासाठी त्या काळाकडे पाहिले पाहिजे. 1896-97 आणि 1899-1900 या दोन भीषण दुष्काळांनी तत्कालीन मध्यप्रांत होरपळून निघाला आणि दुष्काळापाठोपाठ पटकीची साथ आली. आटलेल्या तलावांचे व विहिरींचे गढूळ पाणी हेच अनेकांच्या मृत्यूचे कारण ठरले. पटकीचा जंतू पाण्यात असतो, हे रॉबर्ट कॉख या जर्मन शास्त्रज्ञाने 1884 मध्ये कलकत्त्यातील संशोधनातून दाखविले होते; परंतु हे ज्ञान खेड्यापाड्यांपर्यंत पोहोचण्यास कित्येक दशके लागली. अशा काळात ज्या घरात पाणी गाळून आणि उकळून घेण्याचा नेम होता, त्या घराला नकळत एक कवच लाभले होते.

येथे एक गोष्ट प्रांजळपणे मान्य केली पाहिजे. आपल्या पूर्वजांना पटकीचे जंतू ठाऊक होते आणि म्हणून त्यांनी हे नियम केले, असे म्हणणे इतिहासाला धरून होणार नाही. त्यांचा हेतू रोग टाळण्याचा नव्हता. पाण्यातील डोळ्यांना न दिसणाऱ्या जीवांची आपल्या हातून हिंसा होऊ नये, एवढीच त्यांची तळमळ होती. आरोग्य हे त्या करुणेला आलेले फळ होते. मात्र हे फळ खरे होते, याची साक्ष पुढील काळातील दोन घटना देतात.

पहिली घटना नारू रोगाच्या उच्चाटनाची. नारूची अळी पाण्यातील सायक्लॉप्स नावाच्या सूक्ष्म जीवात वाढते. ते पाणी प्याल्यानंतर सुमारे वर्षभराने माणसाच्या अंगातून हातभर लांबीचा कृमी बाहेर पडतो आणि रुग्ण आठवडेच्या आठवडे अंथरुणास खिळतो. राजस्थान, गुजरात, मध्यप्रदेश, महाराष्ट्र, कर्नाटक आणि आंध्रप्रदेश या राज्यांत हा रोग होता. 1983-84 मध्ये भारत सरकारने नारू निर्मूलनाची मोहीम हाती घेतली, तेव्हा देशात वर्षाला सुमारे 40 हजार रुग्ण आढळत होते. या रोगावर लस नव्हती आणि खात्रीचे औषधही नव्हते. पायऱ्यांच्या विहिरी बंद करणे, पाण्यात औषध टाकणे, हातपंप बसविणे यांबरोबर गावोगाव एक उपाय शिकविण्यात आला : पाणी दुहेरी कापडाने गाळून प्या. 1996 मध्ये राजस्थानात शेवटचा रुग्ण आढळला आणि 2000 साली जागतिक आरोग्य संघटनेने भारत नारूमुक्त झाल्याचे प्रमाणित केले.

दुसरी घटना बांगलादेशातील आहे. रीटा कोलवेल या अमेरिकन शास्त्रज्ञ विदुषीने पटकीचे जंतू पाण्यातील सूक्ष्म प्लवक जीवांना चिकटून राहतात, हे दाखवून दिले. ते जीव कापडावर अडले तर बहुसंख्य जंतूही अडतील, या विचाराने मतलब भागातील खेड्यांत स्त्रियांना जुन्या सुती साडीच्या अनेक पदरी घडीतून पाणी गाळण्यास शिकविण्यात आले. 2003 मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार अशा गावांत पटकीचे प्रमाण 48 टक्क्यांनी घटले. त्यानंतर पाच वर्षांनी पुन्हा पाहणी झाली, तेव्हा सुमारे 31 टक्के स्त्रिया पाणी गाळत होत्या; त्यांपैकी सर्वच जणी साडी वापरीत नव्हत्या.

हा दुसरा आकडा जैन समाजाने विशेष मनन करावा असा आहे. उपयोग प्रत्यक्ष दिसूनही काही वर्षांत अनेक घरांतून ती सवय सुटली. याउलट श्रावकांच्या घरात हीच कृती कोणतीही मोहीम नसताना शतकानुशतके चालली. कारण ती सासूने सुनेला, आईने मुलीला व्रत म्हणून दिली होती. लाभ दिसेनासा झाला की सवय मोडते. श्रद्धेशी जोडलेली सवय साथ ओसरल्यावरही चालू राहते आणि पुढची साथ येते तेव्हा उपयोगी पडते.

सूर्यास्तापूर्वीच्या भोजनाचेही असेच आहे. पावसाळ्यात धानाच्या बांध्यांवरून उठणारे किडे दिव्याभोवती कसे थैमान घालतात, हे या जिल्ह्यात कोणास सांगावयास नको. कंदिलाच्या अंधूक उजेडात ताटात काय पडले हे दिसत नसे, त्यामुळे रात्रिभोजनत्यागात जीवरक्षा आणि आत्मरक्षा दोन्ही साधत. महात्मा गांधींनी 1915 च्या हरिद्वार कुंभमेळ्याच्या वेळी दिवसात पाचच पदार्थ खाण्याचे आणि अंधार पडल्यावर न जेवण्याचे व्रत घेतले; त्यांच्यावरील श्रीमद् राजचंद्रांचा प्रभाव सर्वश्रुत आहे. शरीराच्या आतील घड्याळ दिवस-रात्रीच्या चक्राशी कसे जुळलेले असते, या संशोधनास 2017 चे नोबेल पारितोषिक मिळाले. रात्री उशिरा जेवणे या घड्याळाला मानवत नाही, असे आज वैद्यही सांगतात.

आज विजेचा लखलखाट आहे आणि नळाला शुद्ध केलेले पाणी येते. त्यामुळे गाळणे आता कशाला, असा प्रश्न तरुण पिढी विचारते. प्रश्न अयोग्य नाही. कापडाच्या गाळण्याला मर्यादा आहेतच. पाण्यात मोकळे तरंगणारे जंतू आणि काविळीचे विषाणू त्यातून सहज निसटतात. त्यासाठी उकळणेच हवे. पाण्यात विरघळलेले फ्लोराइड तर उकळूनही जात नाही. त्यासाठी पाण्याची तपासणी करावी लागते. म्हणजे परंपरा आणि विज्ञान यांनी एकमेकांचा हात धरावयाचा आहे. पाणी गाळावे, उकळावे, झाकून ठेवावे, मर्यादेत वापरावे, आणि विहीर वा बोअरचे पाणी वेळोवेळी तपासून घ्यावे.

खरी चिंता वेगळीच आहे. ज्या समाजाने एका घोटातील जीवांची काळजी वाहिली, त्याच समाजाच्या विवाहसमारंभांत आणि काही वेळा धार्मिक कार्यक्रमांतही अर्धवट प्यालेल्या प्लॅस्टिकच्या बाटल्यांचे ढीग पडतात. भोजन रात्री दहाला सुरू होते. घरातील पाण्याच्या जागेवरचे गाळणे नाहीसे होऊन त्याची जागा यंत्राने घेतली; यंत्र पाणी शुद्ध करते, परंतु त्यामागे काही जीव आहेत, ही जाणीव ते देत नाही. जिवाणी परत पोहोचविणाऱ्या हातांना विहिरीशी आपले नाते माहीत होते. ती विहीर घाण होऊ देणे त्यांना शक्यच नव्हते.

सुवर्णमहोत्सव हा मागे वळून पाहण्याचा प्रसंग असतो. पन्नास वर्षांत वास्तू उभ्या राहिल्या, उपक्रम वाढले, याचा आनंद सर्वांना आहेच. परंतु ज्या श्राविकांनी पहाटे उठून विहिरीवर पाणी गाळले, साधु-साध्वींच्या विहारकाळात त्यांच्यासाठी निर्दोष पाण्याची व्यवस्था राखली आणि सूर्य मावळण्यापूर्वी चूल विझविली, त्यांची नावे कोणत्याही फलकावर कोरलेली नाहीत. त्यांचे स्मरण करण्याचा मार्ग एकच आहे. प्रत्येक घरात पुन्हा एक स्वच्छ सुती गाळणे यावे, कार्यक्रमांत बाटल्यांऐवजी गाळून उकळलेल्या पाण्याचे माठ असावेत आणि आठवड्यातून निदान काही दिवस कुटुंबाने एकत्र बसून दिवसाउजेडी जेवावे. यास खर्च नाही, श्रमही थोडे आहेत. यात जीवदया आहे आणि आपल्या मुलाबाळांचे आरोग्यही आहे.