शिकवणाऱ्यांची शिकवणी

भिवंडीत यंत्रमाग कामगारांना इंग्रजी शिकवायला तुम्ही निघालात, म्हणून थोडं मागे जाऊ. १८५५ साली फुले दांपत्याने पुण्यात कष्टकऱ्यांसाठी रात्रशाळा काढली. त्याआधीच सावित्रीबाईंनी अध्यापनाचं प्रशिक्षण घेतलेलं होतं, हे आपण विसरतो बरं का!

१९८८ साली राष्ट्रीय साक्षरता मिशन आलं. पुढच्या मोहिमांत साधारण दहा प्रौढांमागे एक स्वयंसेवक. त्याला शिकवायला प्रशिक्षक, त्या प्रशिक्षकांनाही शिकवणारे. वरून खाली येता येता ताक पातळ होत गेलं, असं माझं मत. शिबिर संपलं की स्वयंसेवक एकटा. इथे तर बारा-बारा तासांची पाळी. ती बदलली की वर्ग अर्धा रिकामा. नव्या शिक्षकाला वाटतं, आपलंच काहीतरी चुकलं. विचारायला कुणी नसतं. मग तोही यायचा थांबतो.