‘बॉय’ म्हणून हाक मारले गेलेले बाप

महात्मा जोतीराव फुले यांनी 1873 साली ‘गुलामगिरी’ लिहिली, आणि ती अर्पण केली अमेरिकेतील त्या सज्जनांना, ज्यांनी काळ्या गुलामांच्या मुक्तीसाठी झीज सोसली. पुण्यात बसून जोतीरावांना सातासमुद्रापलीकडचे ते दुःख आपले वाटले. 1865 साली अमेरिकेच्या घटनेत तेरावी दुरुस्ती झाली आणि गुलामी कायद्याने संपली. पण गुलामाचा मुलगा त्यानंतर खरोखर ‘मुलगा’ होऊ शकला काय? आणि मोठा झाल्यावर ‘पुरुष’ म्हणून त्याला कोणी ओळखले काय? आम्हांला या लेखात एवढाच प्रश्न तपासायचा आहे.

हा प्रश्न एका शब्दात दडलेला आहे. ‘बॉय’ म्हणजे मुलगा. अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांत गोरा माणूस कोणत्याही काळ्या पुरुषाला याच शब्दाने हाक मारीत असे. तो पंचविशीचा असो की पन्नाशीचा, चार मुलांचा बाप असो की चर्चचा धर्मोपदेशक, गोऱ्याच्या लेखी तो ‘बॉय’च. केस पिकले की त्याचा ‘अंकल’ होई. ‘मिस्टर’ मात्र तो कधीच होत नसे. आपल्याकडे हॉटेलात टेबल पुसणारा माणूस चाळिशीचा असला तरी त्याला ‘ए पोऱ्या’ म्हणून बोलावतात. त्या हाकेत काय असते हे मराठी वाचकाला वेगळे सांगायला नको.

अमेरिकेला मुलांचे प्रेम नव्हते असे मुळीच नाही. मार्क ट्वेनचा टॉम सॉयर 1876 साली अवतरला आणि खोड्या करणारा, शाळा बुडवणारा, नदीवर हुंदडणारा मुलगा हा त्या देशाचा लाडका नायक झाला. गरीब गोऱ्या मुलांचे हाल होत होते हेही खरेच. 1900 च्या जनगणनेत 10 ते 15 वयाची साडेसतरा लाख मुले कामावर असल्याची नोंद आहे. पेनसिल्वेनियाच्या खाणींवर लहान मुले कोळशातून दगड निवडत बसत. पण या हालांबद्दल समाजाचे मन हळूहळू द्रवले. 1899 साली शिकागोत मुलांसाठी पहिले वेगळे न्यायालय निघाले. 1904 साली राष्ट्रीय बालकामगार समिती स्थापन झाली. लुईस हाइन हा छायाचित्रकार 1908 पासून तिच्यासाठी कॅमेरा घेऊन गिरण्या-खाणी हिंडला. अखेर 1938 साली बालमजुरीला आळा घालणारा केंद्रीय कायदा झाला. मूल चुकले तर त्याला सुधारावे, शिकवावे, सांभाळावे ही जाणीव रुजली. शेतमजुरी मात्र त्या कायद्यातून बव्हंशी बाहेर राहिली, आणि दक्षिणेतली कितीतरी काळी मुले कापसाच्या शेतातच राबत होती.

काळ्या मुलाच्या पोरपणाची हकीकत फ्रेडरिक डग्लसपासून सुरू करावी लागते. मेरीलँडमध्ये 1818 च्या सुमारास तो गुलामीत जन्मला. ‘सुमारास’ म्हणण्याचे कारण असे की स्वतःची जन्मतारीख त्याला कधीच कळली नाही. ज्याला वयच माहीत नाही त्याचे बालपण कुठे सुरू होते आणि कुठे संपते? बाल्टिमोरला मालकिणीने त्याला मुळाक्षरे शिकवायला घेतली, तर मालकाने ते बंद पाडले. मग हा पोरगा रस्त्यावरच्या गरीब गोऱ्या मुलांना पावाचे तुकडे देई आणि त्यांच्याकडून अक्षरे शिके. सोळाव्या वर्षी, गुलामांची रग जिरवण्यासाठी प्रसिद्ध असलेल्या कोव्ही नावाच्या माणसाशी तो हातघाईवर आला आणि हटला नाही. त्या दिवशी आपण पुरुष झालो, असे त्याने पुढे 1845 साली आत्मचरित्रात सांगितले. 1838 साली तो पळून गेला आणि त्याने आपले आडनावही बदलले. गुलामीतले नाव टाकणे हे त्याच्या स्वातंत्र्याचेच एक पाऊल होते.

आता शंभर वर्षे पुढे येऊ. 1944 साली दक्षिण कॅरोलायनात जॉर्ज स्टिनी या 14 वर्षांच्या काळ्या मुलाला दोन गोऱ्या मुलींच्या खुनाच्या आरोपावरून विजेच्या खुर्चीत बसवून मारण्यात आले. ज्युरीतले सगळे गोरे होते. खटला एका दिवसात संपला आणि निकालाला सुमारे दहा मिनिटे लागली. मुलांसाठी वेगळे न्यायालय काढणारा हाच तो देश! 2014 साली न्यायालयाने ती शिक्षा रद्द केली. सत्तर वर्षांनी.

1955 च्या ऑगस्टमध्ये शिकागोचा एमेट टिल मिसिसिपीत नातेवाइकांकडे सुटीला गेला होता. वय 14. एका दुकानातल्या गोऱ्या बाईशी आगळीक केली या आरोपावरून त्याला रात्री घरातून उचलून नेऊन ठार मारले आणि नदीत फेकले. शवपेटी उघडी ठेवण्याचा आग्रह त्याच्या आईने, मेमी टिल यांनी, धरला. आपल्या लेकराचे काय केले ते जगाने पाहावे, एवढेच त्यांना हवे होते. ज्युरीने आरोपींना तासाभरात निर्दोष सोडले. पुढच्याच वर्षी एका मासिकाकडून पैसे घेऊन त्यांनी खुनाची कबुली दिली.

एमेटचे ते छायाचित्र लुइव्हिल गावातल्या एका 13 वर्षांच्या मुलाने पाहिले. नाव कॅशियस क्ले. आदल्याच वर्षी त्याची नवी सायकल चोरीला गेली होती. चोराला बदडून काढतो म्हणून तो रडत-ओरडत एका गोऱ्या पोलिसाकडे गेला. तो पोलीस मुलांना मुष्टियुद्ध शिकवीत असे. आधी लढायला तर शीक, असे त्याने सांगितले. तिथून पुढची कहाणी आपल्याला ठाऊक आहे. 1960 साली रोमला सुवर्णपदक, 1964 साली जगज्जेतेपद, आणि त्याबरोबरच मुहम्मद अली हे नाव. 1967 साली एर्नी टेरेल त्याला जुन्या नावानेच हाक मारीत राहिला, तेव्हा अलीने रिंगणात ठोसे लगावता लगावता त्याला आपले नाव पुन्हा पुन्हा विचारले. त्याच वर्षी व्हिएतनामच्या लढाईसाठी फौजेत जायला त्याने नकार दिला आणि किताब गमावला. 1971 साली सर्वोच्च न्यायालयाने त्याच्या बाजूने कौल दिला. नाव आपण ठरवू आणि लढाईही आपणच ठरवू, हे त्याचे पुरुषपण होते. मुठीतले बळ त्याखालोखाल.

माल्कम एक्सला शाळेत वकील व्हायचे होते. वर्गाने त्याला प्रमुख निवडले होते. तरी शिक्षकाने त्याला सुतारकामाचा सल्ला दिला. सुतारकाम हलके नाही. पण त्या सल्ल्याने मुलाचे स्वप्न मोडले, ही त्यातली मेख आहे.

1968 च्या फेब्रुवारीत मेम्फिस शहरात दोन काळे सफाई कामगार कचऱ्याच्या गाडीत चिरडून मेले. सुमारे 1300 कामगार संपावर गेले. त्यांच्या गळ्यातल्या फलकांवर चारच शब्द होते: ‘आय अ‍ॅम अ मॅन’. इंग्रजीत ‘मॅन’ म्हणजे पुरुषही आणि माणूसही. ‘बॉय’ म्हणवून घेणाऱ्या बापांनी दोन्ही अर्थ एकदम मागितले. त्यांच्या पाठीशी उभे राहायला आलेले मार्टिन ल्यूथर किंग 4 एप्रिल रोजी तिथेच गोळीला बळी पडले. बारा दिवसांनी संप मिटला आणि कामगारांच्या संघटनेला मान्यता मिळाली.

म्हणजे हिशेब असा आहे. काळा मुलगा लहान असताना त्याला मोठ्याची शिक्षा, आणि मोठा झाल्यावर त्याला लहानाची हाक. हा हिशेब अजून पुरता मिटलेला नाही. 2014 साली क्लीव्हलँडमध्ये खेळण्यातले पिस्तूल घेऊन बागेत खेळणाऱ्या तमीर राइस या 12 वर्षांच्या मुलाला पोलिसाने गाडीतून उतरताच गोळी घातली. बिनतारी संदेशात त्याचे वय अंदाजे 20 सांगण्यात आले. 2015 साली टेक्सासमध्ये सुदानी वंशाच्या 14 वर्षांच्या एका मुसलमान विद्यार्थ्याने घरी जोडलेले घड्याळ शिक्षकांना दाखवायला शाळेत नेले. ते बॉम्बसारखे दिसते म्हणून त्याला हातकड्या पडल्या. पुढे कोणताच गुन्हा दाखल झाला नाही. पण ज्या कौतुकासाठी पोरगा घड्याळ घेऊन गेला होता, ते त्या दिवशी त्याला मिळाले नाही.

आपल्या मोहल्ल्यातल्या अम्मीला हे समजावून सांगावे लागत नाही. लेकाला घरी यायला उशीर झाला की ती दारात का उभी राहते, हे तिचे तिलाच ठाऊक असते. मात्र दुसऱ्याकडे बोट दाखवताना आपणही स्वतःला विचारले पाहिजे. आपल्या गॅरेजात, आपल्या हॉटेलात काम करणारा पोरगा कोणाचा आहे? त्याचे वय आपण कधी विचारले आहे काय? आणि त्याच्या बापाला आपण कोणत्या नावाने हाक मारतो?

जोतीरावांनी दूरदेशीच्या गुलामांकडे पाहिले ते आपल्या अंगणातली गुलामी ओळखण्यासाठी. आपणही तेवढ्यासाठीच पाहावे.