नांदेड ते हैदराबाद : अंतर किती, वेळ किती?

परवा नातवाचा पुण्याहून फोन आला. "आजोबा, नांदेडहून हैदराबाद किती लांब?" शाळेच्या प्रकल्पासाठी त्याला विमानतळांमधली अंतरे हवी होती. मी म्हटले, "कोणत्या काळातले सांगू?" त्याला वाटले मी थट्टा करतोय.

नकाशावर पट्टी ठेवली तर नांदेड ते शमशाबाद विमानतळ हे अंतर सरळ रेषेत साधारण अडीचशे किलोमीटर भरते. मुंबई मात्र पावणेपाचशेच्या आसपास, म्हणजे जवळजवळ दुप्पट. पंख्याचे छोटे एटीआर विमान ताशी पाचशे किलोमीटरने जाते. त्रैराशिकाने उत्तर येते अर्धा तास. पण वेळापत्रकात तासाभराच्या आसपास वेळ धरलेला असतो, कारण धावपट्टीपर्यंत जाणे, वर चढणे आणि वेग कमी करत उतरणे हेही त्यातच आले.

आता जुनी गोष्ट. आमचा मराठवाडा निजामाच्या राज्यात होता, तेव्हा राजधानी हैदराबाद. वरचे कोर्ट तिथे, मोठी कचेरी तिथे, उस्मानिया विद्यापीठही तिथेच. १९०० च्या सुमारास मनमाडपासून हैदराबादपर्यंत मीटर गेजचा रूळ पडला आणि नांदेड त्या वाटेवर आले. मुदखेड, धर्माबाद, बासर, निजामाबाद, कामारेड्डी ही नावे वडील पाढ्यासारखी म्हणत. रात्री गाडीत बसायचे आणि सकाळी हैदराबादेत उतरायचे, असा त्यांचा हिशेब. घरातले जमिनीचे कागद उर्दूत आहेत. वडील गेल्यापासून ते वाचणारे घरात कोणी नाही.

१७ सप्टेंबर १९४८ ला हैदराबाद संस्थान भारतात आले. १ नोव्हेंबर १९५६ ला त्याचे भाषेप्रमाणे तीन भाग झाले आणि आम्ही मुंबई राज्यात गेलो. आपल्या भाषेच्या राज्यात आलो याचा घरात आनंदच होता. पण राजधानी एका दिवसात दुप्पट लांब गेली, आणि सुलतान बाजारात दिलेली माझी आत्या परराज्यातली झाली. पुढे पुढे कामाशिवाय तिकडे जाणे होईना. १९७४ साली ती अत्यवस्थ असल्याची तार आली. वडील त्याच रात्री गाडीत बसले. पोचले तेव्हा सगळे आटोपले होते. त्यावर ते कधी फारसे बोलले नाहीत.

२७ एप्रिल २०१७ ला 'उडान' योजनेतल्या अगदी पहिल्या विमानांमध्ये नांदेड–हैदराबादचे विमान होते. बातमी वाचली आणि आधी आत्या आठवली. ती ट्रूजेटची सेवा पुढे बंद पडली. नंतर दुसऱ्या कंपनीचे विमान आले. रेल्वेचे म्हणाल तर आमचा नांदेड विभाग अजूनही दक्षिण मध्य रेल्वेत, म्हणजे मुख्यालय सिकंदराबादला! राज्य बदलले, रूळ मात्र जुन्याच राजधानीकडे बघतो आहे.

असो. नातवाला सांगितले, वहीत लिही : अंतर अडीचशे किलोमीटर, विमानाने एक तास. आणि खाली लिही, पणजोबांना एक रात्र लागायची. तो म्हणाला, "बाई मार्क कापतील." मी म्हटले, कापू देत.

तुमच्याही घरात हैदराबादच्या अशा आठवणी असतील, तर जरूर कळवा.